दाजी, पंखा जळाला नव्हता

दाजी, तुमच्या तेराव्याला मी पोटभर जेवलो. बुंदी ताजी होती, वांग्याची भाजी झणझणीत होती, आणि मी दोनदा मागून घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं रिकाम्या पोटी, डोकं फिरल्यामुळं लिहिलं असं म्हणायची सोय कुणाला राहायला नको. शांतपणे लिहितोय. माझा तुमच्यावर राग आहे. तुम्ही गेलात म्हणून तो कमी झालेला नाही. तुम्ही होतात तेव्हा दिवाळीला, लग्नाकार्याला थोडा थोडा वापरला जायचा. आता त्याला गिऱ्हाईकच राहिलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ते काम सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ जणांनी उरकलंय. एकानं तुम्हाला वटवृक्ष म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ. आपल्या गावापासून समुद्र किती लांब आहे हे त्याला कुणी विचारलं नाही. चांगलं ऐकायची कमी तुम्हाला जिवंतपणीही नव्हती; माझ्या आक्काचे मालक, गावच्या तेलबिया सोसायटीचे चेअरमन, समोर बसलेला माणूस आधी मान हलवायचा आणि मग ऐकायचा. म्हणून मी आपला पंख्याबद्दलच बोलतो. आपल्या दोघांत खरं भांडण तेवढंच होतं.

तो पंखा माझ्याहून म्हातारा. माजलगावच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या हापिसातून तुम्ही तो सोसायटीसाठी आणलात, बैलगाडीत कडब्यावर निजवून, असं तुम्हीच सांगायचात. बिडाचं बूड, पितळेची चार पाती, आणि जाळी इतकी विरळ की लहान लेकरू हात काय, डोकंही घालेल. सुरू झाला की आधी घसा खाकरायचा, मग डावी-उजवीकडं मान फिरवत सगळ्या हापिसाकडं बघायचा. तुमच्यासारखाच. शेतकरी तक्रार घेऊन आला की तुम्ही पंखा त्याच्या तोंडावर धरायचात. माणूस गार होतो आणि तक्रारही गार होते, असा तुमचा हिशेब.

खंडेनवमीला घाणा, तराजू आणि पंखा, तिघांची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग तुम्ही घाण्याच्या डब्यातलं करडीचं तेल पळीत घेऊन पंख्याच्या दोन्ही तेलकुप्यांत ओतायचात. पुढच्या एका, मागच्या एका. देवाला नैवेद्य दाखवावा तसं डोळे मिटून.

मी त्या वेळी आयटीआय करून तुमच्याच घरी राहत होतो. पहिल्या फटक्यात एक विषय गेला होता, दुसऱ्या फटक्यात तो सुटला आणि सर्टिफिकेट मिळालं. बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाला किंमत किती असते ते सगळ्यांना माहीत आहे. दारातलं कुत्रं निदान भुंकतं तरी. तरीही मी पहिल्याच वर्षी म्हणालो होतो, "दाजी, ह्याला मशीनचं तेल लागतं. पातळ असतंय. शिलाई मशीनला घालतात ते."

"आन् आपलं काय पाणी हाय व्हय?"

"आपलं खायचं हाय. वाळलं की चिकटतंय."

"आरं, हेच तेल मी कानात घालतो, गुडघ्याला लावतो, भाकरीवर घेतो. माजं काय चिकटलंय?"

तुमची जीभ तेवढी चिकटली नव्हती, हे खरं. बाकी घरातलं सगळं चिकटलं होतं. तुमच्या तेलामुळं सोसायटीच्या कोठाराचं कुलूप दोनदा फोडावं लागलं. सायकलची चेन अशी ताठ झाली होती की ती सायकल तुम्ही चालवायचात की ढकलायचात, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण करडी म्हणजे तुमचा धर्म. आसपासच्या कोरडवाहू रानातली करडी आपल्याच घाण्यात, आपलंच तेल आपल्याच गावात, व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघायला नको. ही गोष्ट तुम्ही उभी केली. त्यात मी एक शब्द कमी करणार नाही.

आणि घाण्याची मोटार. तीही सांगतो, नाहीतर आक्का म्हणेल की तेवढं बरं विसरलास. घाण्याची मोठी मोटार जळाली तेव्हा सगळे म्हणाले बीडला न्या. तुम्ही म्हणालात, "घरात मिस्त्री हाय की." मी तोवर एकही मोठी मोटार भरली नव्हती, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली नव्हती. तीन दिवस तुम्ही माझ्यासमोर पोत्यावर बसून राहिलात आणि प्रत्येक कॉइलचे वेढे मोठ्यानं मोजलेत. दोन ठिकाणी चुकलात, मी चूक दाखवली, तुम्ही माझ्याशी भांडलात, मग परत पहिल्यापासून मोजलंत. तिसऱ्या दिवशी घाणा फिरला तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या पाठीत असा धपाटा घातलात की संध्याकाळपर्यंत मला उताणं पडता आलं नाही. मला मिस्त्री तुम्ही केलंत. म्हणूनच पुढचं मला सोसलं नाही.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षी तोंड दाखवायलाही आला नाही. करडीला जमिनीत ओल पुरली नाही, घाणा थांबला, सोसायटीच्या हापिसाला कुलूप लागलं. पंखा आत टेबलावर तसाच उभा, कुप्यांत तुमचं तेल. दीड वर्ष कुणी बटण दाबलं नाही. त्या उन्हाळ्यात सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी घातली. गुरांच्या दावणी, वर हिरवी नेट, माजलगावकडून येणारा उसाचा चारा, टँकर. माणसंही तिथंच राहायची, गुरांच्या उशाला. तुम्ही पत्र्याचं हापिस केलंत, वायर ओढून घेतली, आणि तहसीलचे साहेब पाहणीला येणार म्हणून कुलूप काढून पंखा आणवलात.

मी सवयीप्रमाणं आधी पात्याला हात लावला. पातं हललं नाही.

"दाजी, जाम हाय. उघडून बघावं लागंल."

"साहेब गाडीतून उतरायलाय आन् तुमी उघडून बघा! लावा ती पिन."

इथं माझी चूक आहे, ती मी माझ्या नावावर घेतो. जाम झालेल्या मोटारीला करंट द्यायचा नाही, हे आयटीआयत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या आठवड्यात मी हजर होतो. तरी तुमच्या आवाजाला भिऊन पिन लावली. पंखा फिरला नाही, नुसता घुमत राहिला, अडवलेल्या बैलासारखा. साहेब खुर्चीत टेकले. तेवढ्यात पुढच्या कुपीतून धुराची रेघ निघाली. मी पिन ओढून काढली. पण वास पसरला होता.

साहेबांनी नाक वर केलं आणि विचारलं, "काय तळताय का?"

ते तहसीलचे होते, त्यांना काय माहीत. पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मोटारीची वायर जळते तेव्हा वास उग्र येतो, घशाला लागतो. हा भज्यांचा वास होता. तुमचं करडीचं तेल आत वाळून लाखेसारखं घट्ट झालं होतं, त्यानं पंख्याचा दांडा धरून ठेवला होता, आणि तेच आता तापून धुरत होतं. मला ते तिथल्या तिथं कळलं. दाजी, तुम्हालाही कळलं. तेलाचा वास तुम्हाला कळला नाही असं म्हणणं म्हणजे सोनाराला सोनं कळलं नाही म्हणण्यासारखं आहे.

दावणीजवळची पन्नासेक माणसं जमली होती. सगळी करडीवाली, सगळी सोसायटीची सभासद. तुम्ही त्यांच्याकडं एकदा बघितलंत. मग साहेबांकडं वळून हसलात.

"आमचे मेव्हणे हायेत. नवे मिस्त्री. काल उघडून बसलते, जाळून ठिवला."

"मी हात न्हाई लावला, दाजी. वायरिंग नीट हाय. हे आपलं करडीचं तेल…"

"गप बे!"

घरात तुम्ही मला 'अहो पाव्हणं' म्हणायचात. 'बे' पहिल्यांदाच. मागून कुणीतरी "जाळ्या!" म्हणालं आणि सगळी छावणी हसली. दोन वर्षांत त्या माणसांना हसायला काही मिळालं नव्हतं, मी मिळालो.

आठ दिवसांनी छावणीच्या बोअरची मोटार खरोखरच जळाली. तुम्ही गेवराईहून मिस्त्री मागवलात. ज्यांनी घाण्याची मोटार माझ्या नवख्या हातात दिली होती, त्यांनी. मी पत्र्याच्या हापिसाच्या दारात उभा होतो. तो मिस्त्री माझ्यासमोरून पाने-पेचकस घेऊन गेला आणि तुम्ही त्याला चहा सांगितलात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी माजलगावला गेलो. आक्का फाट्यापर्यंत आली. तुम्ही अंघोळीला बसला होतात.

माजलगावला मी मोटार भरायचं दुकान टाकलं. धरणाखालचा ऊसवाला मुलूख, मोटारींना तोटा नाही. पण नाव माझ्या आधी पोचलं होतं. बोर्ड रंगवणारा विचारतो, "सुभाष लिहू का जाळ्या? जाळ्या म्हटलं की लवकर सापडंल." गिऱ्हाईक मोटार खाली ठेवताना म्हणायचं, "तुमीच का ते? जपून हं." माझं लग्न जमताना मुलीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो. मध्यस्थ म्हणाला, मोटारी भरतो. बाजूचा एक म्हणाला, "आधी जाळतो, मंग भरतो." लग्न झालं ते बायकोच्या हट्टामुळं; तिला म्हणे विनोदी माणूस हवा होता.

मी काही मोठा कारागीर नाही. माझ्या हातून मोटारी जळल्या आहेत. एकदा तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, त्यानं चहा मागवलेला असताना. ज्या जाळल्या त्यांचं पाप माझं. पण हा पंखा मी जाळला नाही, आणि नाव मला ह्याच्यामुळं पडलं. एवढीच माझी तक्रार होती. दुसरं काही नको होतं तुमच्याकडून. चार माणसांत एकदा म्हणायचं, की सुभाषनं जाळला नव्हता. बास.

तुम्ही काय केलंत? पंखा घरी नेऊन कपाटावर ठेवलात, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. भरून घ्या असं कुणी सुचवलं की म्हणायचात, "राहू द्या. मेव्हण्याची आठवण हाय." भाऊबीजेला आक्का मला ओवाळायची आणि तुम्ही पलंगावरून ओरडायचात, "निरांजन लांब धर गं, ह्यो जवळ आला की पेटतंय." पोरं हसायची. मीही हसायचो. माझं हसणं हा माझ्या स्वभावाचा सगळ्यात मोठा दोष आहे. राग आला की मला आधी हसू येतं. तुम्हाला वाटायचं मी विसरलो.

तर आता परवाचं. दहावा झाला त्या दुपारी तुमचा पुतण्या विलास घरी आला. आता तोच चेअरमन. म्हणाला, "काकू, तेराव्याला शोकसभा हाय. काकांचा फोटू आन् शेजारी त्यो पंखा ठेवू. बंद असला तरी चालंल, आठवण म्हणून." मग माझ्याकडं बघून, "मामा, राग न्हाई ना?"

तो गेल्यावर आक्कानं स्वतः स्टूल ओढला, कपाटावरून गाठोडं काढायला लागली. मी धावलो, ते धूड तिला पेलणार नव्हतं. फडकं सोडून ती म्हणाली, "तूच उघड. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

मी ओसरीत पोतं अंथरून बसलो. वीस-बावीस वर्षं ह्या पंख्याला मनातल्या मनात कितीदा उघडला होता. आता हात खरे लागले तेव्हा आधी फडक्यानं त्याची धूळ पुसली.

पहिलं काम, पिन न लावता पातं फिरवून बघायचं. ढिम्म. म्हणजे दोष दांडा ज्या नळीत फिरतो त्या बुशीत, नाहीतर मान फिरवणाऱ्या गिअरात. दुसरं काम, सिरीज बल्ब, म्हणजे मधे बल्ब जोडलेली तपासायची वायर. दोन वायरींना लावला, बल्ब मंद पेटला. म्हणजे आतली तार तुटलेली नाही. एक टोक बॉडीला लावलं, बल्ब पेटला नाही. म्हणजे तार कुठं उघडी पडून बॉडीला टेकलेली नाही. दाजी, दोन मिनिटं. बावीस वर्षांच्या खटल्याचा निकाल दोन मिनिटांत लागला, चाळीस वॅटच्या बल्बानं. हे मी छावणीवर त्याच दिवशी करू शकलो असतो, तुम्ही करू दिलं असतं तर.

जाळी काढली. पात्यांचा स्क्रू रंगाच्या थराखाली लपला होता, तो खरवडून सैल केला. पुढच्या बुशीत रॉकेल सोडून तासभर थांबलो, पण तुमचं तेल कसलं दाद देतंय. शेवटी रंगवाल्याकडून थिनर आणवलं. थोडं थिनर, थोडी ऊब, थोडं मागं, थोडं पुढं. हातोडी लावायची नाही; हातोडी लावली की दांडा वाकतो आणि मग पंखा जन्मभर थरथरतो. पहिल्यांदा हलला तो अर्धा केस. मग केसभर. मग एकदम सैल. बुशीतून पिवळसर, काचेसारखे पापुद्रे निघाले. मी एक नखावर घेऊन नाकाशी नेली. इतक्या वर्षांनंतरही करडी.

मग मागचं झाकण काढायला घेतलं आणि थांबलो.

मागच्या चारही स्क्रूंच्या खाचा खाल्लेल्या होत्या. कुणीतरी पेचकस नसताना, सुरीनं नाहीतर नाण्यानं, ते उघडले होते. एक स्क्रू ह्या पंख्याचा नव्हताच, घाण्याच्या पट्ट्याचा होता. झाकण काढलं. आतली तार लालसर, फीत पांढरी, कुठं काळा डाग नाही. आणि मागची बुश स्वच्छ. घासून लखलखीत, तिथं शिलाई मशीनचं तेल. पुढची बुश करडीनं आवळलेली आणि मागची पुसलेली. म्हणजे उघडणाऱ्याला मागचं झाकण कळलं, पुढं पात्यांचा स्क्रू रंगाखाली आहे हे कळलं नाही. तो तिथं अडला. पण तारेचा रंग त्यानं बघितला होता.

मी आक्काला हाक मारली. ती आली, उभ्या उभ्याच आत बघितलं आणि खाली बसली.

"कुणी उघडलता?"

"त्यांनीच. तू गेल्यावर दुसऱ्या दिवाळीला. दार लावून बसलते."

"मंग?"

"मंग काय. माज्या मशीनचं तेल घेऊन गेलते. बाहेर आले, म्हणाले, तार तर लाल हाय गं. पोरगं खरं बोलत व्हतं."

माझ्या हातात पेचकस होता. तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

"आन् तू? तू कावून सांगितलं न्हाईस?"

आक्कानं पदर डोक्यावर सारखा केला. तुमची आक्का, दाजी. तुमच्यासमोर जन्मात आवाज चढवला नाही तिनं. माझ्यासमोर चढवला.

"नवऱ्याची लाज झाकू का भावाचं नाव? सांग ना. म्हटलं त्यांना, एकदा जाऊन सांगा. म्हणाले, सभासदांना काय सांगू? आपल्या तेलानं मशीन आवळलं म्हणू? आदीच घाणा बंद हाय, लोक दुसरं तेल खायला लागलेत. दर भाऊबीजेला वाटायचं आज म्हणतील. तू हसायचास. ते म्हणायचे, बघ, इसरलाय त्यो."

मला तेव्हा दुसरीच गोष्ट आठवत होती. दुकान टाकून बरीच वर्षं झाल्यावर शॉक लागून माझा उजवा हात महिनाभर निकामी झाला होता. तुम्ही एसटीनं माजलगावला आलात, हातात करडीच्या तेलाची किटली. कुणाला बोलू दिलं नाहीत. रोज सकाळी माझा हात मांडीवर घेऊन चोळायचात, खांद्यापासून बोटांपर्यंत. पाच दिवस. एकदाही विनोद केला नाहीत. शेवटच्या दिवशी माझी बोटं मिटली, तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत आणि म्हणालात, "चला, गाडी चुकंल." मी त्या पाच दिवसांवर जगलो हो. वाटायचं, वास आला तरी आतली तार जळाली असंच ह्यांना वाटतंय, खरं माहीत असतं तर हे बोलले असते. आता कळलं, तुम्हाला माहीत होतं. माझा हात चोळताना तुम्हाला तार लाल आहे हे माहीत होतं. तुम्ही हात बरा केलात आणि नाव तसंच ठेवलंत. मी कुठल्या दिवसाचे उपकार मानू आणि कुठल्या दिवसाची शिवी देऊ, ते तुम्हीच सांगायला हवं होतं.

"सभेत सांगू का?" मी आक्काला विचारलं.

"मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, भावाची बाजू घेते. तू तुज्या डोळ्यानं बघितलंस. नाव तुजं हाय." तिनं पोत्यावर पडलेले पापुद्रे कागदात गुंडाळून उचलले आणि चुलीत टाकले. क्षणभर स्वयंपाकघरात भजी तळल्याचा वास आला.

तेराव्याला पंखा तुमच्या फोटोशेजारी फिरत होता. आवाज अगदी पूर्वीचा, खाकरून सुरू होणारा. लोक बघत राहिले. विलासनं माईक घेतला आणि म्हणाला, "ह्यो पंखा मामांनी जाळलता. आज मामांनीच दुरुस्त करून काकांच्या चरणी ठिवला. ह्याला म्हणायचं प्रायश्चित्त!"

टाळ्या पडल्या, दाजी. शोकसभेत टाळ्या. बावीस वर्षं माझ्यावर नुसता आरोप होता, आता मी गुन्हा कबूल करून शिक्षाही भोगली, असं ठरलं. मला हसू आलं. मग मला त्या हसण्याचाच राग आला, आणि मी उठून माईक हातात घेतला.

जे होतं ते सांगितलं. पंखा जळाला नव्हता. खंडेनवमीचं करडीचं तेल आत वाळलं, दीड वर्ष पंखा बंद राहिला म्हणून आवळला. चेअरमनला नंतर ते कळलं होतं. मी सांगत होतो आणि हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता. बायकांच्या बाजूला आक्का बसली होती, मान खाली नाही, सरळ.

पहिल्या रांगेत म्हातारे शेषेराव होते. घाण्याला सगळ्यात जास्त करडी त्यांच्याच रानातली यायची. ते काठीवर रेटा देऊन उठले.

"म्हंजी काय म्हणतूस? आमच्या घाण्याचं तेल वाईट व्हतं?"

हाच तो प्रश्न. ह्याच प्रश्नाला भिऊन तुम्ही छावणीवर त्या पन्नास माणसांकडं बघितलं होतंत आणि मग मला पुढं केलं होतंत. तो माझ्यासमोर काठी टेकून उभा होता. खरं सांगतो, मीही एकदा मागं दाराकडं बघितलं. क्षणभर तुमची दया आली.

मी म्हणालो, "न्हाई, तात्या. तेल लई चांगलं व्हतं. पर ते खायचं व्हतं. मशीनचं न्हवतं."

शेषेरावांनी थोडा विचार केला. "आसं व्हय," ते म्हणाले. "मंग चेअरमनचं चुकलंच की."

आणि खाली बसले.

कुणी दगड मारला नाही. कुणी सोसायटी सोडली नाही. तुमचा फोटो कुणी उलटा केला नाही. मागून एकानं विचारलं, मग घरच्या पंख्याला कोणतं तेल घालायचं? मी सांगितलं. दुसऱ्यानं ते शेजाऱ्याला परत सांगितलं. एवढंच झालं, दाजी. 'खायचं व्हतं, मशीनचं न्हवतं.' हे म्हणायला श्वाससुद्धा पुरता लागत नाही. ह्या एका वाक्यासाठी तुम्ही बावीस दिवाळ्या तोंड आवळून बसलात, मला हसवत बसलात, आक्काला मधे दळत बसलात. गाव काय म्हणेल, गाव काय म्हणेल! गाव "चुकलंच की" म्हणालं आणि शेषेराव पंख्याकडं बोट करून म्हणाले, "मिस्त्री, त्याची मान हिकडं फिरवा जरा. लई उकडायलंय."

मी फिरवली.

गावानं तुम्हाला दोन मिनिटांत सोडून दिलं. मला इतक्या लवकर जमायचं नाही.